९ नोव्हेंबर: एकाच तारखेवर इतका इतिहास का साचला असावा?

पानोपानी (प्रश्न):

युरोपच्या इतिहासातील दिनविशेषांचे संकलन सध्या करीत आहे. एका तारखेला एक पान, असा बेत आहे. बहुतेक तारखांची पाने सहज होतात. एखादी लढाई, एखादा तह, दोन-तीन जन्म आणि एखादा मृत्यू एवढ्यावर पान भरते, आणि या नोंदींचा एकमेकींशी काही संबंध असावा अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. ९ नोव्हेंबरच्या पानाचे मात्र काय करावे हे ठरत नाही.

या दिवशी १७९९ मध्ये नेपोलियन बोनापार्टने पॅरिसमध्ये सत्ता हाती घेण्यास आरंभ केला. १८४८ मध्ये जर्मन संसदेचा सदस्य रोबेर्ट ब्लुम याला व्हिएन्नात गोळ्या घालण्यात आल्या. १९१८ मध्ये बर्लिनमध्ये जर्मन बादशाही संपून प्रजासत्ताक जाहीर झाले, १९२३ मध्ये म्युनिकमध्ये हिटलरचा पहिला उठाव फसला, १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत खुली झाली. या सहांपैकी पाच घटना जर्मन इतिहासातल्या आहेत आणि त्यांतली एकही किरकोळ नाही. जर्मन लोक या तारखेला आपला ‘दैवदिन’ म्हणतात, असेही वाचनात येते.

जन्मांची यादीही लहान नाही: रशियन कादंबरीकार इव्हान तुर्गेनेव्ह, इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड, गणितज्ञ हेर्मान वाइल, हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस, अभिनेत्री हेडी लमार.

माझे प्रश्न दोन आहेत. या घटना केवळ काकतालीय न्यायाने एका तारखेवर आल्या, की त्यांच्यामध्ये कार्यकारणाचा काही धागा आहे? आणि असा धागा असल्यास पानाची मांडणी नेहमीप्रमाणे सनावळीने करावी, की संबंधित नोंदी एकत्र बांधाव्यात? जाणकारांनी मत द्यावे.

---

मध्ययुरोप:

धागा आहे, परंतु तो सहाही घटनांमधून जात नाही. १९१८, १९२३ आणि १९३८ या तीन नोंदी एकमेकींना बांधलेल्या आहेत. उरलेल्या तीन तशा नाहीत. हा फरक पानावर दिसला नाही, तर वाचक एक तर सगळेच दैवाच्या खात्यावर टाकेल किंवा सगळेच योगायोग म्हणून सोडून देईल, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतील.

प्रथम १९१८. पहिले महायुद्ध हरल्यात जमा होते. नोव्हेंबरच्या आरंभी कील बंदरातील नौसैनिकांनी बंड केले आणि आठवड्याभरात ते शहराशहरांत पसरले. ९ तारखेला बर्लिनमध्ये कामगार कारखाने सोडून रस्त्यावर आले. त्या वेळी बादशहा दुसरा विल्हेल्म बेल्जियममधील स्पा येथे सेनेच्या मुख्यालयात होता आणि सिंहासन सोडण्याचा निर्णय त्याच्याकडून होत नव्हता. अखेर चॅन्सेलर प्रिन्स माक्स फॉन बाडेन यांनी त्याच्या संमतीची वाट न पाहता दुपारच्या सुमारास पदत्यागाची घोषणा करून टाकली आणि कारभार समाजवादी लोकशाही पक्षाच्या फ्रीडरिश एबर्ट यांच्या हाती दिला. दुपारी दोनच्या सुमारास त्याच पक्षाचे फिलिप शायडेमान यांनी राइशटागच्या (संसदेच्या) इमारतीतून जमावासमोर प्रजासत्ताक जाहीर केले, आणि संसद निवडून येण्याआधीच असा निर्णय परस्पर घेतला म्हणून एबर्ट त्यांच्यावर संतापले. आणखी दोन तासांनी जहाल डाव्या गटाचे कार्ल लीबक्नेख्ट यांनी राजवाड्यापाशी ‘स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताका’ची वेगळी घोषणा केली. म्हणजे एकाच दुपारी एकाच शहरात दोन प्रजासत्ताके जन्माला आली, आणि त्यांच्यातील वैर पुढची पंधरा वर्षे मिटले नाही. विल्हेल्म दुसऱ्या दिवशी हॉलंडला निघून गेला. पदत्यागाच्या कागदावर त्याने सही केली ती २८ नोव्हेंबरला.

जर्मनीतील उजव्या गटांनी या दिवसाला विश्वासघाताचा दिवस ठरवले. सेना रणांगणावर हरली नसून घरातल्यांनीच तिच्या पाठीत सुरा खुपसला, ही कहाणी रचली गेली आणि युद्धबंदीवर सह्या करणारे राजकारणी ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ म्हणून ओळखले जाऊ लागले. हिटलरच्या सुरुवातीच्या भाषणांत हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो. पाच वर्षांनी, चलनाचे मूल्य कागदाइतकेही उरले नव्हते अशा काळात, ८ नोव्हेंबर १९२३ च्या संध्याकाळी तो सशस्त्र माणसे घेऊन म्युनिकच्या एका मोठ्या बिअर हॉलमध्ये घुसला आणि बव्हेरियाचे प्रमुख गुस्टाव्ह फॉन कार यांना पिस्तुलाच्या धाकाने आपल्या बाजूला वळवू पाहू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी जनरल लुडेनडॉर्फ यांना बरोबर घेऊन काढलेला मोर्चा ओडिऑन चौकाजवळ पोलिसांनी गोळीबार करून मोडला. चार पोलीस मेले आणि दुसऱ्या बाजूचे सोळा जण मेले. या सोळांत एक निव्वळ वाटसरू होता, तरी नाझींनी त्यालाही हुतात्म्यांमध्ये बसवले.

१९३३ मध्ये सत्ता मिळाल्यावर या पराभवाचा दरवर्षी उत्सव होऊ लागला. ८ तारखेच्या रात्री हिटलर त्याच बिअर हॉलमध्ये जुन्या साथीदारांपुढे भाषण करीत असे आणि ९ तारखेला जुन्या मोर्च्याच्या मार्गाने मिरवणूक निघत असे. १९३८ समजून घेताना हे नजरेआड करता येत नाही. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना जर्मनीतून सीमेवर हाकलून देण्यात आले. त्यांत ज्याचे आईवडील होते अशा हेर्शेल ग्रिन्श्पान या सतरा वर्षांच्या मुलाने ७ नोव्हेंबरला पॅरिसमधील जर्मन वकिलातीतील अधिकारी एर्न्स्ट फॉम राट याच्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राट मेला तो ९ तारखेला दुपारी, आणि ती बातमी पोहोचली तेव्हा पक्षाचे झाडून सारे पुढारी वार्षिक मेजवानीसाठी म्युनिकच्या जुन्या नगरभवनात जमलेले होते. प्रचारमंत्री गोबेल्सने रात्री दहाच्या सुमारास भाषण केले आणि ते ऐकलेल्या प्रांतप्रमुखांनी तेथूनच दूरध्वनीवरून आपापल्या जिल्ह्यांत इशारे दिले. १,४०० हून अधिक प्रार्थनामंदिरे व प्रार्थनागृहे उद्ध्वस्त झाली, सुमारे ७,५०० दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड व झाक्सेनहाउझेन येथील छळछावण्यांत पाठवले गेले. मृतांचा सरकारी आकडा ९१ होता. प्रत्यक्षात तो पुष्कळ मोठा होता. वर ज्यूंवरच एक अब्ज राइशमार्कचा दंड बसवण्यात आला.

फॉम राट नेमका त्या दुपारी मेला, हा योगायोग खराच. पण सगळे पुढारी एका छताखाली, वर्धापनदिनाच्या धुंदीत आणि दूरध्वनीच्या जवळ होते, हा योगायोग नव्हता.

---

सनावळी:

मध्ययुरोप यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, फक्त १९१८ आणि १९२३ यांच्यातील दुवा त्यांनी दाखवला त्यापेक्षा सैल आहे. हिटलरने ९ नोव्हेंबर ही तारीख सूड म्हणून निवडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात उठावासाठी आधी ११ नोव्हेंबर ठरला होता. तो अलीकडे आणला गेला तो कार यांची मोठी सभा ८ तारखेला संध्याकाळी जाहीर झाली म्हणून. सगळे सत्ताधारी एकाच सभागृहात मिळणार होते आणि कार आपल्याला वगळून काही ठरवतील अशी भीतीही होती. मोर्चा ९ तारखेला निघाला, कारण रात्री केलेला डाव सकाळपर्यंत उधळला गेला होता आणि दुसरे काही सुचत नव्हते.

गंमत अशी की १९१८ मध्येही बर्लिनच्या कारखान्यांतील क्रांतिकारी कामगार प्रतिनिधींनी उठावासाठी ११ तारीखच मनात धरली होती. ८ तारखेला त्यांचा एक नेता एर्न्स्ट डॉयमिग पकडला गेला, बेत फुटण्याची भीती निर्माण झाली आणि संप दुसऱ्याच दिवशी करावा लागला. दोन्ही वेळा तारीख ठरवली ती घाईने. रोष १९१८ चा होता, हे निर्विवाद. तारीख मात्र रोषाने निवडलेली नव्हती. तिला अर्थ आला तो नंतर, वार्षिक सोहळ्यांमुळे.

आता १७९९ विषयी थोडे. फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे तो १८ ब्रूमेर होता. त्या दिवशी फक्त तयारी झाली. याकोबिनांच्या (क्रांतीतील जहाल गटाच्या) कटाची आवई उठवून दोन्ही सभागृहे पॅरिसबाहेर सँ-क्लू येथे हलवण्याचा ठराव करून घेतला गेला आणि शहरातील फौजेची सूत्रे नेपोलियनकडे आली. खरा निकाल लागला तो १९ ब्रूमेरला, म्हणजे १० नोव्हेंबरला. पाचशेंच्या सभेत (कनिष्ठ सभागृहात) नेपोलियनला धक्काबुक्की झाली, तो गांगरला, आणि सभेचा अध्यक्ष असलेला त्याचा धाकटा भाऊ ल्युसियाँ याने सैनिकांना बोलावून सभागृह रिकामे करवले. पानावर ‘सत्ता घेण्यास आरंभ केला’ हे आपले शब्द नेमके आहेत. ते बदलू नयेत.

ब्लुमची नोंद कृपया आखडती घेऊ नका. तो फ्रांकफुर्टच्या राष्ट्रीय सभेतील डाव्या गटाचा पुढारी होता. ऑक्टोबर १८४८ मध्ये उठाव केलेल्या व्हिएन्नावासीयांना पाठिंब्याचा संदेश देण्यासाठी तो गेला, तेथे स्वतः लढ्यात उतरला आणि शहर सम्राटाच्या फौजेने परत घेतल्यावर पकडला गेला. सभासद म्हणून आपल्याला संरक्षण आहे, असा त्याचा दावा होता. सैनिकी न्यायालयाने तो मानला नाही आणि ब्रिगिटेनाउ येथे सकाळी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. फ्रांकफुर्टच्या सभेने निषेध केला, याहून अधिक ती काही करू शकली नाही. जर्मनीतील पहिल्या निवडलेल्या संसदेजवळ स्वतःचे ना सैन्य होते ना पोलीस, हे साऱ्या युरोपला एका दिवसात कळले.

---

गणकमंडळी:

मी जन्मांपुरते लिहितो, कारण दैवदिन वगैरे कल्पनांची कसोटी तिथेच लागते.

युरोपातील नामवंत माणसांची मोठी यादी घेतली तर कोणत्याही तारखेच्या वाट्याला काही दमदार नावे येणारच. तीनशे पासष्ट खाने आणि हजारो नावे असे हे गणित आहे. ९ नोव्हेंबरची नावे चांगली आहेत, पण ८ किंवा १० तारखेचीही वाईट नाहीत. मार्टिन ल्युथर आणि फ्रीडरिश शिलर हे दोघेही १० नोव्हेंबरचे. रोबेर्ट ब्लुमसुद्धा १८०७ मध्ये १० नोव्हेंबरलाच जन्मला होता, म्हणजे एक्केचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो मारला गेला. यातून काही सिद्ध होते का? काहीही नाही. तरी वाचणारा क्षणभर थबकतो, आणि दिनविशेषांचे सारे आकर्षण या थबकण्यावरच उभे आहे.

तुर्गेनेव्हच्या नोंदीत एक खबरदारी घ्यावी. रशियात १९१८ च्या आरंभापर्यंत ज्युलियन पंचांग चालू होते. तुर्गेनेव्हचा जन्म त्या पंचांगाने २८ ऑक्टोबर १८१८ चा, ओर्योल येथील. एकोणिसाव्या शतकातील तारखांना बारा दिवस मिळवायचे असतात, म्हणून ९ नोव्हेंबर. विसाव्या शतकातील रशियन तारखांना तेरा मिळवावे लागतात, म्हणून २५ ऑक्टोबर १९१७ ची बोल्शेविक क्रांती ७ नोव्हेंबरला येते. सरसकट तेरा मिळवणारे तुर्गेनेव्हला १० नोव्हेंबरला ढकलतात. आपल्या संकलनात रशियन जन्म बरेच येणार असतील तर हा नियम आरंभीच लिहून टाकावा.

याच हिशेबाने आपल्या यादीत नसलेले एक नाव सुचवतो. रशियन कवी वेलिमिर ख्लेब्निकोव्ह याचा जन्म ९ नोव्हेंबर १८८५ चा, म्हणजे हेर्मान वाइलच्या अगदी त्याच दिवसाचा. एक जर्मनीत एल्म्सहोर्न येथे, दुसरा रशियाच्या काल्मिक स्टेपमध्ये. वाइल गटसिद्धांत आणि सापेक्षतावाद यांवर काम करणारा, गणितज्ञ हिल्बर्ट यांच्यानंतर ग्योटिंगेन विद्यापीठातील त्यांच्या पीठावर बसलेला आणि १९३३ मध्ये पत्नी ज्यू कुळातील असल्यामुळे देश सोडून प्रिन्स्टनला गेलेला गणितज्ञ. ख्लेब्निकोव्हचे गणित वेगळे होते. इतिहासातील मोठ्या घटनांमध्ये ठरावीक संख्येची अंतरे असतात, अशी त्याची पक्की समजूत होती. ३१७ ही संख्या त्याला वर्षानुवर्षे भुरळ घालीत होती, पुढे तो दोन आणि तीन यांच्या घातांवर आला, आणि १९१२ मध्ये त्याने १९१७ साली एखादे राज्य कोसळेल काय, असा प्रश्न छापून ठेवला. रशियन साम्राज्य खरोखरच त्या वर्षी कोसळले. त्याच्या इतर असंख्य आकडेमोडींचे काय झाले, हे मात्र त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत. तारखांमध्ये नियम शोधणाऱ्या कवीची जन्मतारीख हीच असावी, ही नोंद पानावर हवीच. फक्त तिच्यावर ख्लेब्निकोव्हप्रमाणे विश्वास ठेवू नये.

सातव्या एडवर्डचा जन्म १८४१ चा. तो दुसऱ्या विल्हेल्मचा सख्खा मामा, आणि या मामा-भाच्यांचे मुळीच पटत नसे. मामा १९१० मध्ये वारला होता. त्याच्या जन्मदिनी भाच्याचे सिंहासन गेले. हेडी लमारच्या बाबतीत केवळ अभिनेत्री म्हणून थांबू नये. १९१४ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या या बाईने संगीतकार जॉर्ज अँथाइल याच्याबरोबर पाणतीराच्या रेडिओ-नियंत्रणात शत्रूला अडथळा आणता येऊ नये यासाठी वारंवारता सतत बदलत ठेवण्याची पद्धत मांडली आणि १९४२ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळवले.

---

सीमेपलीकडे:

१९८९ ची नोंद अजून कोणी उलगडलेली नाही. ही तारीख कोणीही निवडलेली नव्हती, आणि ती तशी येऊ नये असाच पूर्व जर्मन सरकारचा प्रयत्न होता.

हंगेरीने सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियाकडील सीमा पूर्व जर्मन नागरिकांसाठी खुली केली होती, लाइपझिगमध्ये दर सोमवारी मोर्चे निघत होते आणि ४ नोव्हेंबरला बर्लिनच्या अलेक्झांडर चौकात प्रचंड सभा झाली होती. लोकांचा निचरा शिस्तीत व्हावा म्हणून प्रवासाचे नवे नियम घाईघाईने तयार करण्यात आले. ते १० तारखेच्या पहाटे चार वाजता जाहीर व्हायचे होते, म्हणजे सकाळी कचेऱ्या उघडल्यावर अर्ज, शिक्के आणि रांगा असे सारे रीतसर चालले असते. ९ तारखेच्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हाती तो कागद होता. नियमांवर चर्चा झाली तेव्हा ते उपस्थित नव्हते. सात वाजायला थोडा वेळ असताना त्यांनी कागद वाचला, आणि हे केव्हापासून लागू होणार असे विचारल्यावर आपल्या समजुतीप्रमाणे तत्काळ, विनाविलंब, असे उत्तर दिले.

बातमी दूरचित्रवाणीवरून परत पूर्व बर्लिनमध्ये पोहोचली आणि लोक नाक्यांवर जमू लागले. बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्याची त्या रात्री जबाबदारी असलेले अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोन करीत राहिले, पण स्पष्ट हुकूम मिळेना. सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यांना तेवढे बाहेर सोडावे आणि त्यांच्या ओळखपत्रातील छायाचित्रावर शिक्का मारावा, म्हणजे त्यांना परत येता येणार नाही, अशी युक्ती वरून सांगण्यात आली. तिने गर्दी शमण्याऐवजी वाढली. रात्री साडेअकराच्या सुमारास येगर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. आणखी अर्धा-पाऊण तास त्यांनी तग धरला असता, तर आपली ही नोंद १० नोव्हेंबरच्या पानावर गेली असती.

त्या रात्री पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल वॉर्सामध्ये सरकारी भेटीवर होते, यावरून ही घटना किती अनपेक्षित होती ते दिसते. म्हणून १९८९ ला १९१८ शी जोडू नये. त्या दोहोंना जोडणारे पुष्कळ काही नंतर लिहिले गेले, पण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या मनात त्यातले काही नव्हते.

---

पानोपानी:

सर्वांचे आभार. उत्तरांतून एक पूरक प्रश्न उभा राहतो. भिंत खुली झाल्याचा दिवस इतका आनंदाचा होता, तर जर्मनीने तोच राष्ट्रीय दिन का केला नाही? राष्ट्रीय दिन ३ ऑक्टोबर आहे, आणि त्या तारखेभोवती तर कोणतीच हृद्य आठवण दिसत नाही.

---

मध्ययुरोप:

त्या तारखेमागे आठवण कमी आणि कामकाज अधिक आहे. पूर्व जर्मन संसदेने २३ ऑगस्ट १९९० रोजी पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला. दुसऱ्या महायुद्धातील चार विजेत्या राष्ट्रांशी झालेला करार १२ सप्टेंबरला मॉस्कोत झाला, आणि त्याची माहिती ऑक्टोबरच्या आरंभी युरोपीय देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांना द्यायची होती. ते उरकल्यावर लगेच येणारा दिवस घेतला, तो ३ ऑक्टोबर. ९ नोव्हेंबरचा विचार बोलून दाखवला गेला होता, पण ज्या तारखेला प्रार्थनामंदिरे जळाली त्या तारखेला रोषणाई करायची कशी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

ही अडचण काल्पनिक नाही. १९३८ च्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १० नोव्हेंबर १९८८ रोजी, बुंडेस्टागचे (पश्चिम जर्मन संसदेचे) अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी स्मरणसभेत केलेले भाषण नाझी काळातील सामान्य जर्मनांची मनःस्थिती अशा रीतीने मांडीत गेले की अनेक सभासद उठून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी येनिंगर यांना राजीनामा द्यावा लागला. या तारखेवर बोलताना स्वर थोडा जरी चुकला तरी काय होते, हे त्यातून सगळ्यांना कळले. भिंत खुली झाली ती त्यानंतर सुमारे एका वर्षाने. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी १९१८, १९३८ आणि १९८९ या तिन्हींचे स्मरण एकाच कार्यक्रमात केले. 

---

सनावळी:

मांडणीबाबत माझे मत असे. पान सनावळीनेच लावावे, कारण वाचक तेच शोधत येतो. पण १९२३ आणि १९३८ या नोंदींत मागच्या सनाचा उल्लेख एका वाक्यात करावा. १८४८ आणि १९८९ स्वतंत्र ठेवाव्यात. जन्म नेहमीप्रमाणे खाली, एकच अपवाद करून: इम्रे केर्तेस. १९२९ मध्ये बुडापेस्टला जन्मलेला हा मुलगा १९४४ मध्ये आउशविट्झला आणि तेथून बुखेनवाल्डला नेला गेला, म्हणजे १९३८ च्या त्या रात्रीनंतर ज्या छावण्या भरल्या त्यांपैकीच एकीत. वाचला, आणि २००२ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. त्याच्या जन्मनोंदीतून १९३८ कडे बोट दाखवणे गैर ठरणार नाही.

एक नोंद मात्र आदल्या दिवसाच्या पानावर घ्यावी लागेल. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी गेओर्ग एल्झर या सुताराने म्युनिकच्या त्याच बिअर हॉलच्या खांबात लपवलेला बॉम्ब रात्री ९ वाजून २० मिनिटांनी फुटला. आठ माणसे मेली. हिटलर तेरा मिनिटे आधी निघून गेला होता, कारण धुक्यामुळे विमानाऐवजी आगगाडीने परतायचे ठरले होते. एल्झरला ही जागा आणि ही वेळ सापडली ती केवळ सोहळा दरवर्षी ठरल्या दिवशी होत असे म्हणून. तेव्हा ८ तारखेच्या पानावरून ९ तारखेच्या १९२३ च्या नोंदीकडे एक खूण अवश्य द्यावी.